भिलाईहून एक दिवस अग्निशिळांच्या प्रदेशात

भिलाईचे नाव घेतले की पोलादाच्या कारखान्याची आठवण होते, आणि ते योग्यच आहे. फेब्रुवारी १९५५ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि चारच वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भातशेतीच्या त्या प्रदेशात देशाच्या सर्व राज्यांतून माणसे येऊन राहिली. त्यांत विदर्भातून आणि उर्वरित महाराष्ट्रातून आलेली मराठी कुटुंबेही होती. त्यांची मुले, आणि आता नातवंडे, भिलाईलाच आपले गाव म्हणतात. सुट्टीच्या दिवशी ही कुटुंबे मैत्री बागेत जातात, तांदुळा धरणावर जातात, नवरात्रात डोंगरगडला देवीच्या दर्शनाला जातात.

त्याच डोंगरगडला आणि तेथून थोडे पुढे, महाराष्ट्राच्या सीमेवरील दरेकसाला, या वेळी थोड्या वेगळ्या दृष्टीने जावे अशी आमची सूचना आहे. देवीचे दर्शन अवश्य घ्यावे. परंतु त्याबरोबर ज्या शिळांवर देवीचे मंदिर उभे आहे त्या शिळांकडेही पाहावे. भिलाईपासून एका दिवसात जाऊन येता येईल इतक्या जवळ आपल्या देशातील अतिप्राचीन ज्वालामुखींचे अवशेष आहेत. शक्य झाले तर भूविज्ञान जाणणारा एखादा स्नेही बरोबर घ्या. भिलाईत असा स्नेही मिळणे कठीण नाही. खाणींच्या कामाशी संबंध असलेली माणसे तेथे पुष्कळ आहेत. तसा कोणी न मिळाल्यास पुढील काही पाने वाटाड्याचे काम करतील.

प्रथम एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. ज्वालामुखी म्हटले की शाळेच्या पुस्तकातील चित्र आठवते: शंकूसारखा उंच डोंगर, त्याच्या टोकाला मुख, त्यातून निघणारा धूर. दरेकसाला असे काही दिसणार नाही. येथील ज्वालामुखी सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी शांत झाले. एवढ्या काळात पाऊस, वारा आणि नद्या यांनी त्यांची शिखरे झिजवून टाकली. उरले आहेत ते त्यांचे खडक आणि त्या खडकांनी घडलेल्या टेकड्या, घळी व कडे. पडलेल्या वाड्याचा चौथरा पाहून जाणकार माणूस वाड्याची मांडणी सांगतो, तसेच हे आहे. चौथरा कसा वाचायचा हे समजले की पाहण्याचा आनंद कितीतरी वाढतो.

हे वाचन शिकण्याची सोय भिलाईच्या माणसाला घरबसल्या आहे, कारण वितळलेला दगड म्हणजे काय हे त्याला ऐकून किंवा पाहून ठाऊक असते. झोतभट्टीत लोहखनिज आणि कोक घालतात, आणि त्यांच्या जोडीला चुनखडीही लागते. भिलाईची चुनखडी जवळच्या नंदिनीच्या खाणीतून येते. लोखंड करण्यासाठी चुनखडीची गरज का पडावी, असा प्रश्न मुले नेहमी विचारतात. त्याचे उत्तर असे: खनिजात लोहाबरोबर वाळूच्या जातीचे द्रव्य, म्हणजे सिलिका, असते. सिलिका वितळली तरी ती सहज वाहत नाही. तिचे कण एकमेकांना साखळीसारखे धरून राहतात आणि रस अत्यंत चिकट होतो. चुना त्यात मिसळला की ही साखळी तुटते, रस पातळ होतो आणि मळीच्या रूपाने लोखंडावर तरंगू लागतो. मग तो वेगळा काढून घेता येतो. सुमारे १,५०० अंश सेल्सिअस उष्णतेतही चुन्याच्या साहाय्यावाचून हे काम नीट होत नाही.

सिलिका अधिक असेल तर रस चिकट आणि कमी असेल तर पातळ, हा नियम लक्षात ठेवा. पृथ्वीच्या पोटातील शिलारसालाही तोच लागू आहे, आणि आपल्या सहलीतील जवळजवळ प्रत्येक दृश्याचा उलगडा त्यातून होतो.

सकाळी लवकर भिलाई पॉवर हाऊस किंवा दुर्ग स्थानकावरून नागपूरकडे जाणारी गाडी धरावी. दुर्गपासून डोंगरगड सुमारे ६० किलोमीटर आहे. ही मुंबई-हावडा मार्गाची जुनी वाट. १८८० च्या दशकाच्या आरंभी नागपूरहून राजनांदगावपर्यंत अरुंद रुळांची छत्तीसगड रेल्वे आली; पुढे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ती घेऊन रुंद केली आणि पूर्वेकडे नेली.

गाडी सुटल्यावर खिडकीतून दिसते ती सपाट जमीन. भाताची खाचरे, बांधांवरची झाडे, मध्येच एखादे तळे. या सपाटीखाली चुनखडीचे आणि शेलचे आडवे थर आहेत. शंभर कोटी वर्षांहूनही अधिक काळापूर्वी येथे उथळ समुद्र होता आणि त्याच्या तळाशी हा गाळ साचला. त्या समुद्रात मासे नव्हते, शंखशिंपलेही नव्हते; परंतु सूक्ष्म जीवांनी थरावर थर रचून केलेल्या घुमटाकार आकृत्या छत्तीसगडच्या चुनखडीत आजही सापडतात. भिलाईच्या भट्टीतील चुना असा त्या समुद्रातून आलेला आहे.

राजनांदगाव मागे पडले की हळूहळू देखावा पालटतो. जमीन उंचसखल होऊ लागते, शेतांमध्ये गोल पाठीच्या शिळा डोके वर काढतात आणि डोंगरगड जवळ येताच क्षितिजावर टेकड्यांची रांग उभी राहते. येथे आपण समुद्राच्या गाळाचा प्रदेश सोडून अग्नीतून जन्मलेल्या खडकांच्या प्रदेशात शिरतो. एका तासाच्या प्रवासात आपण शंभर कोटी वर्षांहून कितीतरी अधिक मागे गेलेलो असतो.

बम्लेश्वरीचे मुख्य मंदिर टेकडीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० फुटांवर आहे. पायथ्याशी धाकट्या बम्लेश्वरीचे मंदिर आहे. माधवानल आणि कामकंदला यांच्या प्रेमकथेशी या स्थानाचे नाते लोक सांगतात. तिच्यातील कामावती नगरी ती हीच, अशी समजूत आहे. चैत्र आणि आश्विन या दोन्ही नवरात्रांत येथे मोठी यात्रा भरते. वर जाण्यासाठी हजाराहून अधिक पायऱ्या आहेत. वृद्धांसाठी रज्जुमार्गाचीही सोय झाली आहे. पण ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांनी पायऱ्यांनीच जावे. खडक पाहायचा असेल तर तो पायी चालणाऱ्यालाच दिसतो.

पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना हत्तीएवढ्या, काही तर घराएवढ्या, शिळा एकमेकींवर रेलून बसल्या आहेत. हा ग्रॅनाइट. हात लावून पाहा. दगड खडबडीत लागतो, कारण त्याचे स्फटिक डोळ्यांना सहज दिसतील इतके मोठे आहेत. गुलाबीसर दिसतो तो फेल्स्पार, काचेसारखा करडा दिसतो तो क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी, आणि मधूनमधून काळे ठिपके दिसतात ती अभ्रकासारखी गडद खनिजे. एवढे मोठे स्फटिक तयार व्हायला फार वेळ लागतो. साखरेचा पाक सावकाश निवू दिला तर खडीसाखरेचे मोठे खडे जमतात आणि घाईने निवविला तर दाणा बारीक राहतो, हे घरातील स्त्रियांना वेगळे सांगायला नको. हा शिलारस जमिनीखाली, वरच्या खडकांची रजई पांघरून, लक्षावधी वर्षे निवत राहिला म्हणून त्याचे खडे मोठे झाले.

मग शिळा गोल कशा झाल्या? कोणी त्या गडगडत आणून टाकल्या असतील असे वाटते, पण तसे झालेले नाही. खडक निवताना आणि पुढे वरचे ओझे कमी होताना त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या आणि त्याचे चौकोनी ठोकळे झाले. भेगांतून पाणी मुरले. पाण्याने फेल्स्पारची माती होऊ लागली. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर पाण्याचा मारा एका दिशेने होतो, कडेवर दोन दिशांनी आणि कोपऱ्यावर तीन दिशांनी. म्हणून कोपरे आधी झिजले आणि ठोकळ्यांचे गोळे झाले. मधली माती पावसाने वाहून नेली. गोळे जागच्या जागी एकमेकांवर टेकून राहिले. काही शिळांवर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत असलेले दिसतील. ते काम अजून चालू आहे.

माथ्यावर पोहोचल्यावर दर्शन घ्यावे, थोडे पाणी प्यावे आणि मग पश्चिमेकडे तोंड करून उभे राहावे. खाली तळी, रेल्वेची रेषा, गावाची घरे. आणि पलीकडे एकामागून एक जंगलाने झाकलेल्या टेकड्या. त्या टेकड्यांच्या दिशेने आपल्याला आता जायचे आहे. तुम्ही उभे आहात तो ग्रॅनाइट आणि तिकडच्या टेकड्यांतील रायोलाइट नावाचा खडक यांची द्रव्ये जवळजवळ सारखीच आहेत. दोघांतही सिलिका सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. जमिनीखाली राहून निवला तो ग्रॅनाइट झाला आणि जमीन फोडून वर आला तो रायोलाइट झाला. एकाच घरच्या दोन बहिणींपैकी एक माजघरात राहिली आणि एक अंगणात आली, असे म्हणावे.

हे नाते माणसाला अलीकडेच नीट कळले आहे. भिलाईच्या भट्ट्यांचा पाया घातला जात होता त्याच सुमारास, १९५७-५८ मध्ये, खरगपूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या नियतकालिकात भूवैज्ञानिक एस. एन. सरकार यांनी भंडारा, दुर्ग आणि बालाघाट या जिल्ह्यांतील या खडकांचा एक स्वतंत्र संघ मांडला आणि त्याला डोंगरगडचे नाव दिले. ज्या लहान गावाला आपण देवीमुळे ओळखतो त्याचे नाव तेव्हापासून भूविज्ञानाच्या ग्रंथांत आहे. पुढे किरणोत्सर्गी द्रव्यांच्या साहाय्याने खडकांचे वय काढण्याच्या पद्धती सुधारल्या आणि झिरकॉन या कणखर खनिजाच्या बारीक कणांवरून या रायोलाइटांचे व ग्रॅनाइटांचे वय अडीचशे कोटी वर्षांच्या आसपास ठरले.

दुपारच्या आत खाली उतरून शिदोरी सोडावी आणि दरेकसाकडे निघावे. डोंगरगडच्या पुढे पनियाजोब, बोरतलाव आणि मग दरेकसा अशी स्थानके आहेत. दरेकसाला सर्व गाड्या थांबत नाहीत. म्हणून सवारी गाडीची वेळ आधी पाहून ठेवावी, अथवा डोंगरगडहून मोटारीने जावे. रेल्वेने गेल्यास एक लाभ आहे. या टप्प्यात गाडी झाडीतून आणि डोंगर कापून केलेल्या खोल वाटेतून जाते, दरेकसाजवळ बोगद्यातही शिरते, आणि दोन्ही बाजूंना कापलेला खडक हाताच्या अंतरावर दिसतो. बोरतलावच्या परिसरात हा खडक वालुकाश्माचा आहे. ज्वालामुखी थंडावल्यावर त्या प्रदेशाची झीज झाली, वाळू साचली आणि तिचा दगड झाला. भूवैज्ञानिकांनी या थरांना बोरतलावचेच नाव दिले आहे.

याच टापूत, कोणत्याही नदीची अथवा भिंतीची खूण नसताना, तुम्ही छत्तीसगडातून महाराष्ट्रात येता. ही सीमा नवी आहे. १९५६ पर्यंत दुर्ग आणि भंडारा हे दोन्ही जिल्हे एकाच राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा भंडारा मुंबई राज्यात गेला आणि दुर्ग मध्य प्रदेशात राहिला. दुर्गमधून १९७३ मध्ये राजनांदगाव, भंडाऱ्यातून १९९९ मध्ये गोंदिया हे जिल्हे वेगळे झाले आणि २००० मध्ये छत्तीसगड राज्य जन्मास आले. खडक मात्र सलग आहे, आणि बोलीही बरीचशी सलग आहे. सालेकसाच्या बाजारात मराठी, हिंदी, छत्तीसगडी आणि गोंडी एकाच सौद्यात ऐकू येतात. भिलाईच्या मुलांना हे ऐकून परके वाटत नाही. त्यांच्या वसाहतीत याहून अधिक भाषा नांदतात.

दरेकसाच्या टेकड्यांत शिरल्यावर पायवाटेच्या कडेचा एखादा सुटा तुकडा उचलून पाहा. सकाळी पाहिलेल्या ग्रॅनाइटासारखे मोठे दाणे त्यात नाहीत. दगड गुळगुळीत, घट्ट, लालसर-तपकिरी किंवा जांभळट रंगाचा. आणि त्या एकजीव पिठात मधूनच फेल्स्पारचे वा क्वार्ट्झचे लहान खडे रुतलेले. हा रायोलाइट. रुतलेले खडे जमिनीखाली असतानाच तयार झाले होते. बाकीचा रस एकाएकी वर आला आणि मोठे दाणे जमायला सवड न मिळता गोठला. काही तुकड्यांवर बारीक, नागमोडी पट्टे दिसतात. चिकट रस रेटला जाताना पडलेल्या त्या घड्या आहेत.

आता भिलाईतील चुन्याची गोष्ट आठवा. रायोलाइटाच्या रसात सिलिका विपुल आणि ती साखळी तोडणारी द्रव्ये फार थोडी. त्यातून त्याची उष्णताही बेताची, सुमारे ७०० ते ९०० अंश. असा रस वाहणार कसा? तो ज्वालामुखीच्या नळीत अडकून बसतो. त्याच्यात विरघळलेली वाफ आणि इतर वायू बाहेर पडू पाहतात, पण दाट रसातून त्यांना वाट मिळत नाही. दाब वाढत जातो आणि शेवटी सारे एकदम फुटते. रसाच्या चिंधड्या होतात, तप्त राख आणि वायू यांचे लोट डोंगरउतारावरून वाऱ्याच्या वेगाने खाली येतात आणि खाली साचलेली राख आपल्याच उष्णतेने व भाराने एकमेकीला चिकटून पुन्हा दगड होते. दरेकसा-सालेकसा परिसरातील खडकांत वाहिलेल्या रसाबरोबर अशा राखेपासून झालेले दगडही आहेत. आज जेथे मुले धावतात तेथे एके काळी उभे राहणेही कोणाला शक्य झाले नसते.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे एक शंका येईल. सह्याद्रीही ज्वालामुखीच्याच दगडाचा. मग तो इतका निराळा का? सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे दरेकसाच्या मानाने कालचा. त्यात सिलिका पन्नास टक्क्यांच्या आसपास आणि उष्णता १,१०० अंशांच्या वर. म्हणून तो रस पातळ होता. लांबलांबच्या भेगांतून निघून तो पसरला आणि थरावर थर बसत गेला. सह्याद्रीच्या कड्यांना पायऱ्यांचा आकार आला, किल्ल्यांना सपाट माथे मिळाले आणि अजिंठा-वेरूळच्या शिल्पकारांना सलग पाषाण मिळाला तो त्यामुळे. दरेकसाच्या टेकड्यांना तशी शिस्त नाही. त्या तुटक, खडबडीत आणि एकमेकींत गुंतलेल्या आहेत. रसाचा स्वभाव डोंगराच्या रूपात उतरतो, तो असा.

दरेकसा स्थानकाजवळच हाजरा धबधबा आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही महिने हे पाणी खडकाच्या उंच कड्यावरून खाली डोहात पडते. पाणी ज्या ज्या ठिकाणी वळते, थांबते किंवा उडी घेते तेथे तेथे खडकाची एखादी भेग असते किंवा एखादा अधिक कठीण भाग असतो. वनविभागाच्या साहाय्याने गावची समिती येथील व्यवस्था पाहते आणि गावचे तरुण पाहुण्यांना वाट दाखवतात. त्यांचे म्हणणे ऐकावे. शेवाळलेला रायोलाइट काचेसारखा निसरडा असतो आणि डोहाची खोली वरून कळत नाही. मुलांचा हात सोडू नये. या सीमेवरील जंगलात दीर्घकाळ सशस्त्र नक्षलवादी दलांचा वावर होता. म्हणून मुख्य स्थळे सोडून आत जायचे असल्यास वनविभागाकडे किंवा पोलिसांकडे आधी चौकशी करावी आणि सूर्यास्तापूर्वी परतावे.

वेळ असेल आणि पायांत बळ असेल तर कचारगडलाही जावे. धनेगावजवळच्या डोंगरातील या विशाल गुहा गोंड समाजाचे अत्यंत पवित्र स्थान आहेत. गुहेत कोंडलेल्या ३३ बालकांना पारी कुपार लिंगो आणि जंगो रायतड यांनी मुक्त केले आणि त्यांच्यापासून समाजाच्या गोत्रांची व्यवस्था निर्माण झाली, अशी श्रद्धा आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास येथे यात्रा भरते आणि अनेक राज्यांतून गोंडी बोलणारे भाविक येतात. गुहेत जाताना आपण कोणाच्या तरी देवघरात जात आहोत याचे भान ठेवावे. मोठ्याने हाका मारू नयेत, अन्नाचे कागद टाकू नयेत. मोठ्या शिळेने बंद झालेली आणि मग उघडलेली गुहा हीच या कथेची भूमी आहे. येथील माणसांनी या खडकांशी किती जुने नाते जोडले आहे ते त्यावरून समजते.

परतीच्या वाटेवर मुलांना आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हे ज्वालामुखी पेटले तेव्हा पृथ्वीवर गवताची काडी नव्हती, किडामुंगी नव्हती. जीवसृष्टी होती ती डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंची. हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता. त्या प्राचीन युगांतील समुद्रांच्या पाण्यात लोह विरघळून राहू शकत असे, आणि तेच पुढे तळाशी थराथराने साचले. जगातील मोठे लोहसाठे बहुधा अशा पट्टेदार थरांतून आले आहेत. भिलाईला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहराच्या डोंगरांतही असेच पट्टेदार लोहदगड आहेत. आपल्या घरातील सळई, मुलाच्या सायकलची चौकट आणि ही गाडी ज्या रुळांवरून धावते ते रूळ यांचा आरंभ त्या प्राणवायूवाचूनच्या जगात आहे.

आता थोडे कर्तव्याविषयी. झाड तोडले तर दुसरे लावता येते. पंचवीस वर्षांनी सावली परत मिळते. खडकाचे तसे नाही. शिळेवर रंगाने नाव लिहिले, खडीसाठी टेकडी फोडली, पायरी बांधताना कापलेल्या कड्यावर सिमेंट थापले, की तेथील मजकूर कायमचा पुसला जातो. अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाची दुसरी प्रत कोठेही नाही. राजस्थानात जोधपूरचा मेहरानगड किल्ला अशाच रायोलाइटाच्या टेकडीवर उभा आहे. तेथील, म्हणजे सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीच्या, ज्वालामुखी खडकांना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा मान दिला आहे. महाराष्ट्रातील लोणार सरोवर आणि छत्तीसगडातील मनेंद्रगडचे सागरी जीवाश्म यांनाही तो मिळालेला आहे. डोंगरगड आणि दरेकसाचे खडक त्यांच्याहून कितीतरी जुने आहेत.

स्मारकाची पाटी लागेल तेव्हा लागेल. तोवर रक्षण कोणी करायचे? या प्रदेशाने त्याचे एक उत्तर पूर्वीच दिले आहे. ज्या टेकडीवर देवी आहे ती टेकडी लोकांनी फोडू दिली नाही, आणि ज्या डोंगरात लिंगोची गुहा आहे त्या डोंगराला गोंड समाजाने जपले. भक्तीने जे राखले त्यात आता ज्ञानाची भर पडावी, एवढेच आपल्याला करायचे आहे. पायऱ्या चढणाऱ्या लक्षावधी भाविकांपैकी काही थोड्यांनी जरी मुलाला थांबवून सांगितले, की बाळ, ही शिळा जमिनीच्या पोटात शिजली आणि समोरच्या डोंगरातील तिची बहीण स्फोट होऊन बाहेर आली, तर ते मूल त्या शिळेवर खिळ्याने नाव कोरणार नाही.

सहलीसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. धबधब्याला भरपूर पाणी हवे असेल तर पावसाळ्याच्या शेवटी जावे. नवरात्रात गर्दी फार असते; त्या दिवसांत खडक पाहायला जाऊ नये. पायात घट्ट पकडीचे बूट, जवळ पिण्याचे पाणी, डोक्याला टोपी किंवा पदर, आणि एक साधे भिंग एवढे सामान पुरे. हातोडा नेऊ नये. नमुना हवाच असेल तर वनक्षेत्राच्या आणि देवस्थानांच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला सुटा पडलेला, मुठीत मावेल एवढा एकच दगड घ्यावा.

घरी आल्यावर तो दगड आणि नंदिनीच्या चुनखडीचा एक खडा शेजारी शेजारी ठेवा. एक अग्नीतून आलेला, एक पाण्यातून. भट्टीत खनिजातली सिलिका आणि चुना एकत्र आल्यावाचून भिलाईचे लोखंड होत नाही, आणि मुलांना हे एकदा समजले म्हणजे कारखाना आणि डोंगर ही त्यांच्या मनात दोन वेगळी गावे राहणार नाहीत.